एकास बारा: टायगर मॉथचे मॉडेल

टायगर मॉथ या विमानाचे पंख मागे का झुकलेले आहेत हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मॉडेल करायला बसू नये, असे माझे ठाम मत आहे. नकाशावरून कोन मोजता येतो आणि तो लाकडात उतरवताही येतो. पण त्यामागचे कारण ठाऊक नसेल तर पुढच्या प्रत्येक मापात थोडी थोडी चूक शिरते, आणि शेवटी हाती येते ते टायगर मॉथसारखे दिसणारे कुठलेतरी विमान.

गोष्ट १९३१ ची आहे. जेफ्री डी हॅविलँड यांच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचे ‘मॉथ’ हे दोन आसनी, दोन मजली पंखांचे विमान तेव्हा जगभर खपत होते. ब्रिटिश हवाई दलाला त्याच जातीचे, पण शिकाऊ वैमानिकांसाठी खास बनवलेले विमान हवे होते. अडचण पुढच्या आसनाची होती. तिथे प्रशिक्षक बसायचा, त्याच्या बरोबर डोक्यावर वरचा पंख आणि पंखाच्या मध्यभागी इंधनाची टाकी. पाठीला पॅराशूट बांधलेल्या माणसाला संकटात तिथून बाहेर पडणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग, टाकी आणि ती पेलणारे खांब असे सगळे पुढे सरकवले गेले. वाट मोकळी झाली, पण पंखच पुढे गेल्याने विमानाला उचलणारे बलही पुढे गेले आणि तोल बिघडला. तो सावरण्यासाठी पंख मुळापासून मागे झुकवले. पंख मागे झुकताच जमिनीवर शेपूट टेकून उभ्या असलेल्या विमानाच्या खालच्या पंखांची टोके जमिनीच्या फार जवळ आली, म्हणून खालचे पंख टोकाकडे आणखी वर उचलले. आजही टायगर मॉथकडे समोरून पाहिले तर खालच्या पंखाची चढण वरच्यापेक्षा जास्त दिसते.

एका माणसाला सुखरूप बाहेर उडी मारता यावी, एवढ्यासाठी विमानाची सगळी आकृती बदलली. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी टायगर मॉथ पहिल्यांदा उडाले आणि पुढच्या दीड दशकात आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत अशा किती देशांतल्या किती वैमानिकांनी आकाशातले पहिले धडे याच विमानात गिरवले, त्याची गणती करणे अवघड आहे.

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने या साखळीचा अर्थ सरळ आहे. वरच्या पंखाचे पुढे असणे, पंखांचे मागे झुकणे आणि खालच्या पंखाची चढण ही एकाच निर्णयाची तीन रूपे आहेत. त्यातले एक चुकले तर उरलेली दोन बरोबर असूनही विमान ‘बसत’ नाही. पंखांमधले खांब तिरके होतात, तारा भलत्याच कोनात जातात. म्हणून बांधणीची सुरुवात पंखांच्या मधल्या भागापासून आणि तो पेलणाऱ्या खांबांपासून करावी. तेवढा भाग साच्यात पक्का बसवून, पुन्हा पुन्हा मोजून, मगच पुढे जावे.

प्रमाण कोणते निवडावे? बाजारात प्लॅस्टिकचे संच एकास बहात्तर आणि एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणांत मिळतात आणि त्यांचाही एक आनंद आहे. पण आतला सांगाडा लाकडाचा, वर खरे आच्छादन आणि खऱ्या ताणाच्या तारा असे काही करायचे असेल तर एकास बारा हे प्रमाण मला सर्वांत योग्य वाटते. मूळ नकाशे फूट-इंचांत आहेत, त्यामुळे खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. पंखांचा विस्तार २९ फूट ४ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये सव्वाएकोणतीस इंचांहून किंचित जास्त, साधारण साडेचौऱ्याहत्तर सेंटिमीटर. लांबी २३ फूट ११ इंच, म्हणजे एकसष्ट सेंटिमीटरला थोडी कमी. घरातल्या टेबलावर बांधता येईल आणि काचेच्या कपाटात ठेवता येईल असा हा आकार आहे.

इथे एक गणित मनात पक्के करावे लागते. लांबी बारा पटींनी कमी झाली की क्षेत्रफळ एकशे चव्वेचाळीस पटींनी आणि घनफळ १,७२८ पटींनी कमी होते. रिकामे टायगर मॉथ साधारण पाचशे किलोचे. हे वजन १,७२८ ने भागले तर तीनशे ग्रॅमही भरत नाही! कपाटात ठेवायच्या मॉडेलने हे वजन पाळलेच पाहिजे असे नाही. पण मूळ विमान किती हलके होते याची जाणीव त्यातून होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, स्प्रूसच्या लाकडाचे पंख आणि वर कापड. जाड लाकडाचा ठोकळा कोरून केलेल्या मॉडेलमध्ये हा हलकेपणा कधीच उतरत नाही, मग त्याचा रंग कितीही अचूक असो.

आता खरा प्रश्न, कापडाचा.

त्या काळी विमानाला मढवायला फ्लॅक्सच्या धाग्यांचे लिनन वापरत. दाट विणीचे, इंचाला साधारण ऐंशी-नव्वद धागे असलेले. प्रमाणात उतरवायचे तर मॉडेलच्या कापडात इंचाला हजारभर धागे लागतील. असे कापड कुठल्याच मागावर निघत नाही. तलम रेशीम घेतले तरी मॉडेलवर त्याची वीण गोणपाटासारखी जाडीभरडी दिसते. कापडी विमानाच्या मॉडेलवर कापड लावायचे नाही हा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो, पण तो बरोबर आहे.

मॉडेल आपण हातभर अंतरावरून, म्हणजे दीड फुटावरून पाहतो. एकास बारा प्रमाणात याचा अर्थ आपण खऱ्या विमानापासून अठरा फुटांवर उभे आहोत. तेव्हा प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारावा: अठरा फुटांवरून हा दिसला असता का? लिननची वीण दिसत नाही. पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या मात्र स्पष्ट दिसतात. फासळ्यांवर चिकटवलेल्या कापडी पट्ट्या दिसतात. तिरप्या उन्हात त्या पट्ट्यांखालच्या टाक्यांचे बारीक उंचवटे दिसतात. दोन फासळ्यांच्या मधे कापड किंचित आत ओढले गेलेले दिसते, आणि सगळ्यात आधी दिसतो तो ताण. ढोलाच्या चामड्यासारखे तटतटलेले ते आवरण पाहताच हात लावून वाजवून बघावेसे वाटते. मॉडेलमध्ये उतरवायचे आहे ते हेच.

हा ताण खऱ्या विमानात कसा येतो ते पाहू. कापड सांगाड्यावर चढवून कडांना शिवले जाते. मग मेणवलेल्या दोऱ्याने, लांब सुईने, पंखाच्या आरपार टाके घालून ते प्रत्येक फासळीला बांधले जाते. टाक्यांमधले अंतर काही इंचांचे, आणि इंजिनाच्या पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात ते आणखी कमी. टाक्यांवर दातेरी कडांची कापडी पट्टी बसते. यानंतर येतो डोप. सेल्युलोजपासून बनवलेला हा द्रव कापडात मुरतो आणि वाळताना कापडाला आकसवतो. हाताने कितीही ओढून जो ताण येणार नाही, तो डोपच्या एकावर एक थरांनी येतो. ब्रिटिश पद्धतीत आधी तांबूस रंगाचा डोप आणि वर ॲल्युमिनिअमची पूड मिसळलेला रुपेरी डोप देत. उन्हातल्या अतिनील किरणांपासून लिनन वाचवणे हे त्या रुपेरी थराचे काम. बाहेरचा रंग त्याच्याही वर.

डोपचा इतिहास लिहिताना एका गोष्टीकडे पाठ फिरवता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यात टेट्राक्लोरोइथेन हे द्रावक वापरले जाई. त्याच्या वाफेने कारखान्यांतल्या कामगारांना, त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या, विषारी कावीळ झाली आणि काहींचे प्राण गेले. नंतर ते द्रावक बदलण्यात आले. आजचा मॉडेलसाठीचा डोप इतका घातक नसला तरी तो ज्वलनशील आहे आणि त्याच्या वाफा चांगल्या नाहीत. खिडक्या उघड्या ठेवून, जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नाही याची खात्री करूनच हे काम करावे.

मॉडेलवर कापडाऐवजी चढतो तो जपानी टिश्यू, लांब तंतूंचा अतिशय पातळ कागद. त्याला उभे-आडवे असते. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटणारी दिशा पंखाच्या लांबीला समांतर ठेवावी. कागद कडांना पातळ डोपने चिकटवायचा, बारीक तुषारांनी ओला करायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना सुरकुत्या आपोआप निघून जातात. त्यावर थिनरने पातळ केलेल्या डोपचे दोन-तीन हात. डोपमध्ये एरंडेल तेलाचे काही थेंब टाकण्याची जुनी रीत आहे, ती मी आवर्जून सुचवीन. त्याने डोप लवचीक राहतो आणि वर्षानुवर्षे आकसत जाऊन सांगाडा पिळवटून टाकत नाही.

सांगाडा पिळवटण्याचा धोका खराच असतो. आकसणारा कागद हलक्या बाल्सा लाकडाच्या नाजूक चौकटीला सहज वाकवतो. फक्त वरच्या बाजूला कागद लावून पंख रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी तो धनुष्यासारखा वाकलेला मिळेल. म्हणून वरची आणि खालची बाजू एकापाठोपाठ एक मढवावी, आणि ओलावा पूर्ण जाईपर्यंत पंख सपाट फळीवर, कडांखाली पातळ पट्ट्या सरकवून, टाचण्यांनी जखडून ठेवावा. डोपच्या प्रत्येक हातानंतर हेच. यात घाई करायला जागा नाही. पंख आणि शेपटीचे भाग मढवायचे काम एका आठवड्यात उरकणारा माणूस आणि त्यालाच महिनाभर देणारा माणूस यांच्या मॉडेलमधला फरक पाच वर्षांनी ठळक दिसतो.

दोन फासळ्यांमधल्या त्या हलक्या खोलगटपणाबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण याच ठिकाणी सर्वाधिक मॉडेले खोटी वाटतात. प्लॅस्टिकच्या अनेक संचांत पंख असे दाखवलेले असतात की जणू फासळ्यांवर ओले कापड लोंबते आहे. खरे कापड लोंबत नाही, ते ओढले जाते. पंखाची वरची बाजू पुढून मागे कमानदार असते. अशा कमानीवर ताणलेले कापड सरळ होऊ पाहते, म्हणून जिथे खाली फासळीचा आधार नाही तिथे ते किंचित आत जाते. जिथे कमान तीव्र, म्हणजे पंखाच्या पुढच्या भागात, तिथे ही ओढ जास्त, आणि मागच्या सपाट भागात ती जवळजवळ नाहीशी होते. खालची बाजू बरीचशी सपाट असल्याने तिथे खोलगटपणा जेमतेम जाणवतो. टिश्यू खऱ्या फासळ्यांवर खऱ्या ताणाने बसवला तर हे सगळे आपोआप घडते. तिथे कोरावे, घासावे, रंगवावे असे काहीच लागत नाही. मॉडेल करणाऱ्याने आकाराची नक्कल करण्यापेक्षा तो आकार ज्या बलांनी घडला ती बलेच मॉडेलमध्ये आणावीत, हे माझे म्हणणे या एका जागी सर्वांत स्पष्ट होते.

फासळ्यांवरच्या पट्ट्या त्याच टिश्यूच्या कापाव्यात, तीन ते चार मिलिमीटर रुंद. दातेरी कडा करायचा मोह आवरावा. अठरा फुटांवरून ते दात कोणाला दिसले असते? टाक्यांसाठी पट्टी लावण्याआधी फासळीवर टूथपिकच्या टोकाने फेविकॉलचे सूक्ष्म ठिपके, पाच-सहा मिलिमीटरच्या अंतराने द्यावेत. रंगकामाच्या आधी संपूर्ण पंखावर रुपेरी डोपचा एक हात हवाच. त्यामागे परंपरेपेक्षा मोठे कारण आहे. खऱ्या विमानाचे पंख त्या थरामुळे अपारदर्शक असतात. मॉडेल उजेडात धरल्यावर पंखातून प्रकाश आरपार आला आणि पंखभर आडवे जाणारे आतले दांडे (स्पार) दिसू लागले तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

विमानाच्या धडावरही सगळीकडे कापड नाही, हे लक्षात ठेवावे. प्रचंड संख्येने बांधले गेलेले रूप म्हणजे डीएच ८२ए. त्यात आसनांच्या मागचा पाठीचा उंचवटा प्लायवूडचा आहे, तो गुळगुळीत आणि ताठ दिसायला हवा. त्याच्या खालच्या बाजूंना कापड, तिथे आतल्या पट्ट्यांच्या लांब सरळ रेषा उमटतात. इंजिनाभोवती पत्रा. एकाच रंगाखाली तीन वेगवेगळे पृष्ठभाग आहेत आणि त्यांची चमकही वेगवेगळी आहे. पुढे असलेले १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन उलटे बसवलेले आहे. चारही सिलिंडर खाली लोंबतात, पंख्याचा दांडा वर राहतो. त्यामुळे नाकाचा माथा खाली ठेवता आला आणि वैमानिकाला समोरचे अधिक दिसू लागले. नाक जरा जाड झाले की हे सगळे हरवते.

तारांकडे येऊ. दोन मजली पंखांचे विमान उभे राहते ते तारांवर. उड्डाणात पंख वर उचलले जातात, तेव्हा धडाच्या खालच्या भागापासून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा भार घेतात. जमिनीवर उतरल्यावर पंख स्वतःच्या वजनाने खाली येऊ पाहतात, तेव्हा उलट्या तिरक्या तारा तो भार पेलतात. खांब दाब सोसतात, तारा ओढ सोसतात, आणि या दोहोंमुळे इतक्या हलक्या लाकडाची एक ताठ पेटी तयार होते. या तारा गोल नसतात. त्यांचा छेद मसूर डाळीच्या दाण्यासारखा चपटा असतो, कारण गोल तार हवेला कितीतरी जास्त अडवते. दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असतात, त्यामुळे तारच फिरवून ताण कमी-जास्त करता येतो. जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे त्या थरथरून घासू नयेत म्हणून एक छोटा निमुळता ठोकळा बसवलेला असतो.

मासेमारीची गोल नायलॉन दोरी लावली तर ती सगळ्या बाजूंनी सारखीच चमकते, आणि डोळ्याला लगेच खटकते. चपटी तार एका कोनातून लख्ख दिसते आणि जरा बाजूला सरकले की नाहीशी होते. एकास बारा प्रमाणात तिची रुंदी एक मिलिमीटरपेक्षा कमी भरते. मऊ तार दोन पोलादी ठोकळ्यांमध्ये दाबून चपटी करता येते, किंवा पातळ स्टीलच्या पत्र्यातून कापलेल्या तयार तारा मिळतात. सुकाणूकडे आणि शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या केबल मात्र पीळ दिलेल्या आणि गोल असतात. त्या तशाच दाखवाव्यात. हा फरक पाळलेला दिसला की करणाऱ्याने विमान समजून घेतले आहे याची मला खात्री पटते.

तारा लावण्याचा क्रमही खऱ्या जोडणीचाच ठेवावा. आधी मधल्या भागाच्या, मग जमिनीवर पंख पेलणाऱ्या, मग उड्डाणातला भार घेणाऱ्या. दोन्ही बाजूंना आळीपाळीने, एका वेळी थोडा ताण देत. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळले तर पंख तिरके होतात आणि नंतर काही केल्या सरळ होत नाहीत.

आता रंगाआधीचा निर्णय: कोणते टायगर मॉथ? ‘साधारण टायगर मॉथ’ असे काही नसते. एखादा क्रमांक, एखादे वर्ष आणि त्या वर्षीची छायाचित्रे समोर हवीत. काही विमानांच्या वरच्या पंखाच्या टोकाशी आपोआप उघडणाऱ्या फळ्या आहेत, काहींना नाहीत. विमान डावी-उजवीकडे कलवणारे एलेरॉन फक्त खालच्या पंखांना असतात, हे मात्र सगळीकडे सारखे. आज उडणाऱ्या जीर्णोद्धारित विमानांवरून नक्कल करताना सावध राहावे. त्यांतल्या पुष्कळ विमानांवर लिननऐवजी पॉलिस्टरचे कापड आहे. मूळ विमानाला ब्रेक नव्हते आणि शेपटीखाली लोखंडी घसरपट्टी होती, तिथे आता काहींना चाक आणि ब्रेक बसवलेले दिसतात.

भारतीय रूप करायचे असेल तर निवडीला भरपूर वाव आहे. महायुद्धाच्या काळात इथल्या हवाई प्रशिक्षण शाळांत हे विमान होते, नंतर अनेक फ्लाइंग क्लबांत आले. जपानविरुद्धच्या आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या गोल ओळखचिन्हातला लाल ठिपका १९४३ च्या सुमारास काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी त्याची गल्लत होई. त्यामुळे वर्ष ठरल्याशिवाय चिन्ह रंगवता येत नाही. भारतीय हवाई दलाने आपल्या जुन्या विमानांच्या ताफ्यासाठी एक टायगर मॉथ पुन्हा उडते केले आणि २०१२ च्या हवाई दल दिनी ते दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर आकाशात दिसले.

हवाई दलात टायगर मॉथची जागा घेण्यासाठी जे विमान तयार झाले ते एका मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली. जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ चा आराखडा केला आणि १९५१ साली ते उडाले. एकच पंख, तोही खाली, आणि धातूची बांधणी. या दोन विमानांची मॉडेले शेजारी शेजारी ठेवण्याजोगी आहेत, ती एकाच प्रमाणात करावीत असे मला मनापासून वाटते. तारा, टाके आणि डोप यांनी जे साधले जात होते ते पत्रा आणि रिव्हेटने कसे साधले गेले, हे त्या जोडीत कुठल्याही वर्णनाशिवाय दिसते.

आतल्या तपशिलांत दोन गोष्टी विसरू नयेत. प्रशिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात रेडिओ नसे. शिरस्त्राणाला जोडलेल्या एका रबरी नळीतून ते बोलत. आणि अनेक विमानांवर डाव्या बाजूच्या पंखांमधल्या खांबावर एक छोटी पाटी असे. वाऱ्याने तिची झडप मागे झुकली की मागच्या आकड्यांवरून वेग कळे.

मॉडेल पूर्ण झाल्यावर आपल्याकडे सर्वांत मोठा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टिश्यू सैल पडतो, थंडीत पुन्हा ताणला जातो, आणि या येरझारांनी सांगाडा थकतो. कपाट घट्ट बंद होणारे असावे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दर महिन्याला त्या वाळवाव्यात. खिडकीतले ऊन पंखांवर पडू देऊ नये. खऱ्या विमानांचेही लिनन कायमचे नसे. ठरावीक काळाने त्याची ताकद तपासत आणि कमी भरली की जुने आवरण उतरवून नवे चढवत. मॉडेलच्या बाबतीतही तेच करता येते, म्हणून फासळ्यांचे साचे, नकाशे आणि रंगांच्या मिश्रणाची नोंद एका डब्यात जपून ठेवावी. दहा-बारा वर्षांनी पंख पुन्हा मढवायची वेळ आली की त्यांची गरज पडते.